कर्ता कोण?

कायद्याचं भाषांतर करताना मी आधी कर्ता शोधते. तो सापडला की बाकीचं वाक्य आपसूक लागतं. एका दूरशिक्षण अभ्यासक्रमासाठी अमेरिकेचा १८८२ चा चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा मराठीत आणत होते, तेव्हा मात्र पहिल्याच वाक्याला सकाळी अडले ती संध्याकाळपर्यंत.

वाक्य असं : सरकारच्या मते, चिनी मजुरांच्या येण्याने देशातल्या काही ठिकाणची सुव्यवस्था धोक्यात येते. व्याकरण चोख. पण सुव्यवस्था मोडत कोण होतं? संदर्भ काढले. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसला जमावाने चिन्यांची कत्तल केली होती. १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या लाँड्र्या फोडल्या, जाळल्या. म्हणजे दंगा एकाचा आणि दार बंद दुसऱ्याला!

मुळात भांडण रोजीचं. चिनी मजूर जिच्यावर राबले ती देश ओलांडणारी रेल्वे १८६९ मध्ये बांधून झाली, १८७३ पासून मंदी आली, हातांना काम उरलं नाही. चिनी माणूस कमी मजुरीत राबतो म्हणून राग त्याच्यावर. ती मजुरी ठरवणारा मालक नामानिराळा. 'चिन्यांनी चालतं व्हावं' म्हणत सभा गाजवणारा डेनिस कीर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला. १८८० च्या जनगणनेत पाच कोटींच्या देशात चिनी होते लाखभर, हजारी जेमतेम दोन. पण कॅलिफोर्नियाची मतं दोन्ही पक्षांना हवी होती, आणि चिन्यांना नागरिकत्वच नसल्याने त्यांचं मत कुणाला नको होतं.

कलम १५ ला पुन्हा थांबले. तिथे 'मजूर' या शब्दात कुशल कारागीरही घातलाय, खाणकामगारही. आपल्याकडे सुताराला मजूर म्हणून पाहा! व्यापाऱ्याला मात्र मोकळीक.

संध्याकाळी संपादकांचा फोन. "अहो ताई, एका पानाला दिवस? आणि ते 'सरकारच्या मते' काढा, वाक्य लांबतंय."

"ते काढलं, तर सरकारचं मत हीच वस्तुस्थिती होऊन बसेल, सर."

ते दोन शब्द राहिले. मी एक तळटीपही दिली होती : कायदा होऊन तीन वर्षं झाल्यावर, सप्टेंबर १८८५ मध्ये, वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जला गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी मारले. ती संपादकांनी कापली. मूळ मजकुरात नाही, म्हणाले.