माझ्या साइटचे सगळे व्हिजिटर म्हणे एकाच डेटा सेंटरमध्ये राहतात

गेल्या आठवड्यात माझ्या साइटच्या सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याच्या नोंदी, चाळत बसलो होतो, खास काही शोधत नव्हतो, आणि सहज वाटलं की ही जी आयपींची (येणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांची) लांबलचक रांग दिसतेय ती नकाशावर टिंबांनी काढली तर काय भारी दिसेल. एका संध्याकाळचं काम म्हणून हात घातला आणि चार संध्याकाळी गेल्या. नकाशा शेवटी टाकूनच दिला, ते पुढे सांगतो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आयपीवरून ठिकाण सांगणारी जिओआयपी२ नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, मॅक्समाइंड या कंपनीची. पिपने, म्हणजे लायब्रऱ्या बसवायच्या टूलने, टाकली, दोन मिनिटांत झालं. पण नवीन माणसाची इथे हमखास एक गल्लत होते (माझी झाली), लायब्ररी टाकली म्हणजे माहिती आली असं नाही. लायब्ररी नुसती वाचणारी, माहितीची फाइल वेगळी आणायची, शेवटी .एमएमडीबी असतं ती. फुकटातली आवृत्ती म्हणजे जिओलाइट२. मी कुठल्यातरी जुनाट ट्युटोरियलमधली डाउनलोडची ओळ कॉपी-पेस्ट केली आणि एरर खात बसलो. नंतर कळलं की ३० डिसेंबर २०१९ पासून अकाउंट काढून लायसन्स की घेतल्याशिवाय ती फाइल मिळतच नाही. कॅलिफोर्नियाचा प्रायव्हसीचा कायदा २०२० च्या जानेवारीत लागू होणार होता, त्यासाठी केलेला बदल. तेव्हा ट्युटोरियलची तारीख आधी बघा, मग हात लावा.

फाइल आली, कोड लिहिला. कोड म्हणजे काय, रीडर उघडायचा, त्याला आयपी द्यायचा, तो देश, शहर, अक्षांश-रेखांश असं सगळं काढून देतो, पाच-सहा ओळी. घरच्या मशीनवर चालवला तर पहिल्याच आयपीला एरर, पत्ता सापडला नाही. आयपी होता १२७.०.०.१. म्हणजे मी स्वतःच. १२७ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे, १९२.१६८ वाले, हे सगळे घरातल्या घरात वापरायचे पत्ते, ते डेटाबेसमध्ये असणार कुठून. बरं, ही एरर पकडायचं लक्षात ठेवा नाहीतर दहा हजार ओळींच्या लॉगमध्ये अशी एक ओळ आली की अख्खी स्क्रिप्ट झोपते.

मग खऱ्या सर्व्हरचा लॉग दिला. आणि सगळे व्हिजिटर दोन-तीन टिंबांत! मी पाच मिनिटं खुश, म्हटलं बघा कसा एका भागात लोकप्रिय आहे मी. मग ट्यूब पेटली. साइटच्या पुढे सीडीएन आहे (साइटची पानं ठिकठिकाणच्या डेटा सेंटरमधल्या मशीनवरून पोचवणारी सेवा), त्यामुळे माझ्या सर्व्हरला येणारी प्रत्येक रिक्वेस्ट सीडीएनच्या मशीनकडून येते आणि लॉगमध्ये पडतो तो त्या मशीनचा आयपी. खरा आयपी एक्स-फॉरवर्डेड-फॉर नावाच्या हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्टसोबत येणाऱ्या एका जादा ओळीत, असतो आणि तो मी लॉगमध्ये लिहूनच घेत नव्हतो. मागचे सगळे लॉग बाद. लॉगचा फॉर्मॅट बदलला आणि दोन दिवस गप्प बसलो.

त्या हेडरचीही एक गंमत आहे. त्यात स्वल्पविराम देऊन एकापुढे एक आयपी असतात, आणि सगळीकडे लिहिलेलं असतं की डावीकडचा पहिला घ्या, तो खरा. पण डावीकडचा भाग येणारा माणूस स्वतः हवा तो लिहून पाठवू शकतो ना, त्याला कोण अडवणार! एका बॉटने (आपोआप साइटी चाळणाऱ्या प्रोग्रामने) तिथे आयपीच्या जागी चक्क "अननोन" असा शब्द पाठवला होता आणि लायब्ररीने त्यावर व्हॅल्यू एरर दिली. आपले भरवशाचे प्रॉक्सी, म्हणजे सीडीएनसारखी मधली मशीनं, कुठले ते माहीत असतं, उजवीकडून येत त्यांचे जे पत्ते दिसतील ते सोडायचे, आणि त्यांच्या डावीकडचा जो पहिला तो आपला.

अजून एक वेडेपणा कबूल करतो. रीडर मी लूपच्या आत उघडत होतो, म्हणजे प्रत्येक आयपीला ती अख्खी जाडजूड फाइल नव्याने उघडायची, बंद करायची. पंखा गरगरायला लागला तेव्हा कोड नीट बघितला. ती एक ओळ लूपच्या बाहेर काढली आणि काम चुटकीसरशी झालं.

एवढं पटकन कसं, म्हणून फाइलच्या आत डोकावलो, आणि सगळ्या भानगडीत हाच भाग मला सगळ्यात आवडला. आत टेबल वगैरे काही नाही, एक झाड आहे. आयपीचे ३२ बिट, म्हणजे शून्य-एकचे ३२ आकडे, काढायचे, झाडाच्या मुळाशी उभं राहायचं, बिट शून्य असेल तर डावीकडे, एक असेल तर उजवीकडे. प्रत्येक गाठीवर दोनच आकडे. आकडा एकूण गाठींच्या संख्येपेक्षा लहान असेल तर ती पुढची गाठ, बरोबर तेवढाच असेल तर पत्ता नाही, आणि मोठा असेल तर पोचलात, माहिती अमुक जागी ठेवली आहे. म्हणजे ४२९ कोटी पत्त्यांमधला एक शोधायला जास्तीत जास्त ३२ वळणं. आणि बऱ्याचदा तेवढीही लागत नाहीत, २४ व्या वळणालाच उत्तर मिळतं, कारण पुढच्या २५६ पत्त्यांचं उत्तर एकच असतं.

आणि इथेच माझ्या नकाशाची हवा गेली. म्हणजे मला जे उत्तर मिळतंय ते माणसाचं नाहीच, पत्त्यांच्या एका अख्ख्या गठ्ठ्याचं आहे. मग नकाशा परत नीट बघितला, तर एका ठिकाणी डझनावारी टिंबं अगदी एकावर एक, दशांशापर्यंत सारखे अक्षांश-रेखांश. उत्तरात ॲक्युरसी रेडियस म्हणून एक आकडा येतो, मी तो तोवर ढुंकूनही बघितला नव्हता. त्या टिंबांचा होता १०००. किलोमीटर! म्हणजे ३१ लाख चौरस किलोमीटरचं वर्तुळ, आणि त्यातही माणूस आत असण्याची खात्री साधारण ६७ टक्केच. एवढ्या वर्तुळाच्या मधोमध मी टाचणीएवढं टिंब काढून बसलो होतो.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एका शेतातल्या घराचं प्रकरण २०१६ मध्ये बाहेर आलं. ज्या आयपीबद्दल "अमेरिकेत आहे" यापलीकडे काहीच माहीत नाही त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकडा दिला होता, ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो पडत होता बरोबर त्या घराच्या आवारात. असे ६० कोटींच्या वर पत्ते त्या एका बिंदूवर. कुठे फसवणूक झाली, कुठे कोणी हरवलं, की पोलीस आणि चिडलेली माणसं त्या घराच्या दारात, वर्षानुवर्षं. नंतर मॅक्समाइंडने तो बिंदू हलवून एका तलावात नेऊन ठेवला. डेटाबेसने काही घराचा पत्ता म्हणून तो दिला नव्हता हो, लोकांनी तसा वाचला. मीही तेच करत होतो की.

मग स्वतःचाच फोन तपासला. वायफायवर शहर बरोबर. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर गेलो तर मी काहीशे किलोमीटर लांबच्या शहरात! कारण माझ्या मोबाइल कंपनीचा बाहेर पडायचा दरवाजा तिकडे असावा, आणि त्या एका आयपीमागे माझ्यासारखे कितीतरी जण एकदम बसलेले असतात. व्हीपीएनवाल्यांचं, म्हणजे मुद्दाम दुसरीकडच्या मशीनमधून फिरून येणाऱ्यांचं, तर विचारूच नका.

तर टिंबं गेली. आता कोड फक्त देश घेतो, शहराचं नाव रेडियस ५० च्या आत असेल तरच दाखवतो, आणि अक्षांश-रेखांश साठवतच नाही. फाइल आठवड्यातून दोनदा नवी येते, ती क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने) आपोआप उतरवतो, जुनी पुसतो.

राहिली एकच कटकट. देशांची नावं डेटाबेसमध्ये आठ भाषांत येतात, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, जपानी, चिनी. मराठी नाही, हिंदीही नाही. मग दोन अक्षरी कोडवरून मीच मराठी नावांची यादी टाइप करायला घेतलीय, २४९ आहेत. सध्या सीआय या कोडवर गाडी अडलीये, आयव्हरी कोस्ट लिहू की कोत दिव्वार.