तिकिटावरचं एक अक्षर

त्या दिवशी आमच्या तिकीट एजन्सीच्या काउंटरवर एक गृहस्थ आले आणि दोन बोर्डिंग पास माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "हा जातानाचा, हा येतानाचा. कंपनी तीच, सीटही तसंच. जातानाचे माइल्स जमा झाले, येतानाचे शून्य. असं कसं?"

माइल्स म्हणजे विमान कंपनी प्रवासावर देते ते गुण; पुरेसे साठले की त्यांवर तिकीट काढता येतं. आईसाठी ते तीन वर्षं माइल्स साठवत होते. तिचे गुडघे दुखतात, लांबच्या प्रवासात तिला पाय पसरता यावेत म्हणून बिझनेस क्लासचं तिकीट काढायचं होतं. हा परतीचा प्रवास धरून हिशेब जेमतेम बसत होता.

ते तिकीट मीच काढलं होतं. पोटात गोळाच आला.

ई-तिकीट उघडलं. दोन्ही वेळा विमान भागीदार कंपनीचं होतं. पण जाताना फ्लाइट नंबर होता ते ज्या कंपनीचे सभासद आहेत तिचा, म्हणजे कोडशेअर, आणि येताना भागीदाराचा. त्या कंपनीच्या माइल्स योजनेत तिच्या स्वतःच्या नंबरवर विकलेल्या तिकिटाला भाड्यावर माइल्स मिळतात. भागीदाराच्या नंबरवर मात्र अंतर धरतात आणि बुकिंग क्लासप्रमाणे त्याचे टक्के देतात: कुठे 100, कुठे 50, कुठे 25, तर कुठे काहीच नाही. हा क्लास म्हणजे इकॉनॉमी किंवा बिझनेस नव्हे, तिकिटावरचं एक बारीक अक्षर. एका इकॉनॉमीतच अशी कितीतरी अक्षरं असतात, आणि तेच अक्षर दुसऱ्या कंपनीत वेगळ्या भाड्याचं असू शकतं. ग्राहकाला हे कळणार कुठून?

परतीच्या तिकिटावरच्या 'ओ'भोवती मी पेन्सिलने गोल केला. योजनेच्या टक्क्यांच्या तक्त्यात त्यापुढे शून्य होतं.

"मिसिंग माइल्सचा अर्ज करू या?"

"तो राहून गेलेल्या माइल्ससाठी असतो, साहेब. या भाड्यावर ते मिळणारच नव्हते. स्वस्त पडतं म्हणून मी हे तिकीट दिलं. तुम्ही माइल्स साठवताय का, हे विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

ते बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिले. "थोडे जास्त भरले असते हो मी," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा जायचं होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि दोन्ही भाडी दाखवली. तक्त्यावर बोट फिरवत त्यांनी स्वतःच अक्षर शोधलं. जास्तीच्या भाड्यापुढे 100 टक्के होते.

"हे काढा," ते म्हणाले. "आणि आईचं नाव आत्ताच लिहून ठेवा, पासपोर्टवर आहे तसं."