सकाळी प्रवेश, दुपारी रद्द

तीन वर्षांच्या एलएलबीला हल्ली कोण येत नाही ते विचारा. सीए येतात, बँकेतले येतात, मंत्रालयातले येतात, रिटायर झालेले फौजदार येतात. डॉक्टरही येतात. मी दक्षिण मुंबईतल्या एका लॉ कॉलेजच्या प्रवेश विभागात सीनियर क्लार्क आहे. खिडकीत एमबीबीएसची पदवी सरकवली गेली तरी आता मान वर होत नाही. बहुतेकांच्या मनात ग्राहक आयोगातल्या केसेसची धास्ती असते, नाहीतर घरचं हॉस्पिटल असतं.

त्या दिवशी दुसऱ्या फेरीचं रिपोर्टिंग होतं. बाहेर धो धो पाऊस, आणि सीईटी सेलचं पोर्टल दर दहा मिनिटांनी लॉगआउट करत होतं. रांगेतल्या एका तरुणाने फाईल पुढे केली तेव्हा मी आधी फाईलकडेच बघत राहिले. आमच्या यादीत जो क्रम आहे त्याच क्रमाने सगळे कागद, प्रत्येकाच्या मागे दोन झेरॉक्स, त्यावर सही. असं आमच्याकडे कुणी करत नाही.

एमबीबीएस पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजचं. पण पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट नाशिकचं हवं. निम्मे डॉक्टर इथेच अडकतात आणि परत जातात. याने आणलं होतं. शेवटचा कागद एनओसीचा. नौदलाचं लेटरहेड, खाली कमांडिंग ऑफिसरची सही. लायन गेटातून चालत आलो म्हणाला. जहाज रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला डॉकयार्डात लागलंय, म्हणून सध्या मुंबईत.

एनओसीत परवानगी होती, पण तिच्या शेपटाला एक वाक्य होतं: परवानगी सेवेच्या निकडीच्या अधीन राहील आणि शिक्षणाच्या कारणावरून रजा किंवा बदलीत सवलत मागता येणार नाही.

"डॉक्टर, हे वाचलंत ना?"

"पाठ आहे, मॅडम."

मग नेहमीचं सांगायचं ते सांगितलं. नोकरीत असेपर्यंत वकिलीची सनद मिळणार नाही. आणि नोकरी सोडून डॉक्टरकी चालू ठेवलीत तरी महाराष्ट्रात अडेल. डॉ. हनिराज चुलानींचं प्रकरण आमच्याकडे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतात. मुंबईतले सर्जन, एलएलबी झाले, सनद मागितली. दुसरा व्यवसाय चालू असताना ती देणार नाही, असं महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने सांगितलं, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कौन्सिलचं म्हणणं उचलून धरलं. हे ऐकून चेहरा पडतो लोकांचा. याने मान हलवली.

"मला सनद नकोच आहे. एमडीला नंबर लागला तर मात्र पंचाईत होईल ना?"

होईल. यूजीसीने २०२२ मध्ये दोन पदव्या एकदम करायला मुभा दिली, पण ती त्या त्या परिषदेच्या नियमांत बसली तर. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत दोन रेग्युलर कोर्स एका वेळी चालत नाहीत. एक सोडावा लागेल, हे मी सांगितलं.

पोर्टल पुन्हा झोपलं होतं, म्हणून विचारलं, मग हा खटाटोप कशाला? खरं तर मला वाटलं होतं की गडी बाँडमधून सुटायची वाट शोधतोय. एएफएमसीत फी घेत नाहीत, राहणं-जेवणही सरकारचं. त्या बदल्यात एक तर कायमचं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, नाहीतर ७ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस. याचं दुसरं होतं, आणि अर्ध्याहून जास्त बाकी होतं.

"पैसे भरून सुटायचं ते कमिशन घेण्याआधी," तो म्हणाला. "आता सरकारने सोडलं तरच. आणि मला सुटायचं नाहीये."

जहाजावर येण्याआधी तो रुग्णालयात होता. तिथे मेडिकल बोर्डाचा सदस्य म्हणून सह्या केल्या होत्या. खलाशी आजारपणामुळे घरी जाताना बोर्ड बसतं आणि फॉर्मवर लिहावं लागतं, की हा आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला, की नाही. 'नाही' लिहिलं की अपंगत्वाची पेन्शन गेली. मग तो माणूस सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जातो, आणि निकालात बोर्डाच्या त्या एका ओळीची चिरफाड होते.

त्याने धरमवीर सिंगांचा निकाल वाचला होता. हा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि फिट्स येतात म्हणून १९९४ मध्ये घरी पाठवला गेला. बोर्ड म्हणालं, आजार प्रकृतीतलाच आहे, नोकरीचा संबंध नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळे जडला असंच धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर ते सिद्ध करणं सरकारवर, आणि बोर्डाने कारण लिहिलं पाहिजे.

"आम्हाला औषध शिकवतात, मॅडम. कारण लिहायला नीट कुणी शिकवत नाही."

मागचा मुलगा "मॅडम, किती वेळ?" म्हणून ओरडला. पोर्टल उठलं. फी भरली गेली, प्रवेश पक्का झाला, मी पावती दिली. जाता जाता त्याने विचारलं, "७० टक्के हजेरी म्हणजे खरोखर ७० टक्के?"

या प्रश्नाचं उत्तर मुंबईत प्रत्येक लॉ कॉलेजच्या खिडकीवर जवळपास एकच आहे. नियम असा आहे, की प्रत्येक विषयाला ७० टक्के. अडचण असेल तर एखाद्या विषयात ६५ पर्यंत सूट, पण एकूण ७० भरलेच पाहिजेत. आणि त्यानंतर आवाज खाली आणून सांगायचं, की सगळे नोकरीवालेच आहेत हो, जमेल तसं या. मीही तेच सांगितलं. टर्मच्या शेवटी कमी हजेरीवाल्यांची ब्लॅकलिस्ट लागते, मग मेडिकल सर्टिफिकेटांचा गठ्ठा येतो आणि बहुतेकांची टर्म ग्रँट होते. मित्राने 'येस सर' म्हणून लावलेली हजेरी तर वेगळीच.

दुपारी तीनच्या सुमारास तो परत आला. हातात टाइमटेबलची झेरॉक्स, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने आखलेले तीन रकाने: सकाळची लेक्चर्स, जहाजावरची ड्युटी, आणि रिफिट संपल्यानंतरचे महिने. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळ्याच फुल्या.

"चांगल्यात चांगलं धरलं तरी निम्म्यावर जात नाही. रद्द करायचं असेल तर फॉर्म कुठला?"

शिपाईमामा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना राहवलं नाही. "अहो डॉक्टरसाहेब, हजेरीचं काय घेऊन बसलात! होतं सगळं."

तो हसला. "मामा, तुमच्या मस्टरवर मी वर्गात आणि त्याच दिवशी जहाजाच्या रजिस्टरवर मी समुद्रात. तुमच्याकडे फार तर टर्म जाईल. आमच्याकडे कोर्ट मार्शल बसतं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. सीएच्या फर्ममधला मुलगा प्रॉक्सी लावतो तेव्हा त्याचं कुणी काही बिघडवत नाही, कारण त्याचा दिवस कुठे गेला हे लिहून ठेवणारं दुसरं कुणी नसतं. या माणसाचे दिवस सरकारने आधीच शिकवून विकत घेतले आहेत, आणि त्यांचा हिशेब रोज लिहिला जातो.

मी त्याला बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या वैद्यकीय कायद्याच्या डिप्लोम्याबद्दल सांगितलं. दूरशिक्षणाचा आहे, जहाजावरही पुस्तकं नेता येतील. त्याला माहीत होता. तूर्त तोच करेन म्हणाला, एलएलबी बाँड संपल्यावर. मूळ मायग्रेशन अजून माझ्या टेबलावरच होतं, विद्यापीठाकडे गेलं नव्हतं. ते मी त्याच्या हातात परत दिलं. नाहीतर पुन्हा नाशिकची वारी.

रद्द करण्याच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना आहे. तिथे सगळे 'वैयक्तिक' लिहितात, आम्हीच तसं सांगतो. याने चार ओळी लिहिल्या: रिफिट अमुक महिन्यात संपणार, त्यानंतर इतके दिवस समुद्रात, त्यामुळे नियम १२ प्रमाणे हजेरी भरणं अशक्य. रकान्यात मावेना म्हणून उरलेलं समासात.

प्राचार्य सरांनी सही करण्याआधी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून विचारलं, "हे इतकं कशाला लिहिलंय?"

"त्यांना सवय लावायची आहे म्हणे, सर," मी म्हटलं, आणि परताव्याचं व्हाउचर पुढे केलं.