फ्रीबीएसडीवरचा पहिला डेस्कटॉप
लिनक्सची सवय असल्याने फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) परके वाटणार नाही असे मी धरून चालले होते. परंतु आज इन्स्टॉलेशन संपल्यावर काळ्या पडद्यावर लॉगिन विचारणारी एकच ओळ उमटली, कारण मी घेतलेल्या आवृत्तीत डेस्कटॉप आपला आपणच बसवावा लागतो. एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) आणि एक्सएफसीई (एक हलका डेस्कटॉप) उतरवून घेतले, डी-बस (प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणारी सेवा) सुरू करण्याची नोंदही केली, तरी पडदा काळाच राहिला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर वेगळा घेऊन आपले खाते ‘व्हिडिओ’ गटात घालावे लागते, हे फ्रीबीएसडीच्या अधिकृत हँडबुकमध्ये (किती नेटके लिहिले आहे ते!) स्पष्ट सांगितलेले पान मी घाईत ओलांडले होते. रात्री अकराला अखेर मेन्यूची पट्टी दिसली, तेव्हा मनापासून आनंद झाला. फायरफॉक्समध्ये मराठी अक्षरांच्या जागी अजून चौकोन दिसतात. उद्या नोटोचे फॉन्ट बसवीन.