रिंग सुटते तेव्हा

भरतकाम शिकायला बसलं की पहिला डोळा असतो चादरीवर, निदान उशीच्या अभ्र्यांच्या जोडीवर. मग ती चादर अर्धीमुर्धी भरून कपाटात जाते. त्यापेक्षा रुमालाचा एक कोपरा घ्यावा. एक देठ, दोन पानं, पाच पाकळ्यांचं फूल, त्याच्या पोटात चारपाच गाठी, एवढंच. कारण ताणलेल्या कापडावर सगळंच देखणं दिसतं. हात किती ओढून चालला होता, हे रिंग, म्हणजे कापड ताणून धरणारी दोन कड्यांची गोल चौकट, सुटल्यावर चुण्या सांगतात. छोट्या कामात तो निकाल दोन संध्याकाळींत लागतो.

कापड साधं सुती, आधी धुऊन इस्त्री केलेलं. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, दोरा तितका आटत नाही आणि फूल सुरकुततं. रिंग चार-पाच इंची पुरे. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड सरकत नाही.

लडीतला दोरा सहा पदरी असतो. नाजूक कामाला दोन पदर घ्यायचे. ते एकेक करून ओढून काढावेत आणि मग जुळवावेत, दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला. लांबी साधारण ४५ सेंमी. लांबलचक दोरा घेतला की ओवण्याची कटकट वाचते खरी, पण कापडातून पुन्हापुन्हा जाऊन तो विसविशीत होतो, चमक जाते. पीळ पडला तर सुई खाली लोंबू द्यावी, दोरा आपणच उलगडतो. सुई ७ ते ९ नंबरची. इथे आकडा वाढला की सुई बारीक होते, हे कोणी सांगत नाही.

देठासाठी ‘दांडी टाका’ घालायचा, म्हणजे एकमेकांना लागून जाणारे, दोरीसारखे दिसणारे तिरके टाके. दोरा पहिल्या टाक्याला खालच्या बाजूला ठेवला असेल तर शेवटपर्यंत खालीच. मध्येच वर गेला की दोरीसारखा पीळ तिथे तुटतो, आणि नजर नेमकी तिथेच जाते. पाकळ्यांचा सॅटिन टाका, म्हणजे शेजारीशेजारी समांतर टाके घालून जागा भरणं, दिसायला सर्वांत सोपा आणि वागायला सर्वांत लबाड. आधी कडेने उलटी टीप (प्रत्येक टाका मागे वळून आधीच्या टाक्याला भिडवणारी शिवण) घालावी, मग पाकळीच्या मधून सुरू करून एकेका बाजूला भरत जावं, टीप झाकत. एका कडेपासून सुरू केलं तर टाके हळूहळू तिरके होत जातात. टाका सेंटिमीटरपेक्षा लांब झाला की तो सैल पडतो, बांगडीत अडकतो.

गाठीचा टाका मात्र हमखास रडवतो. सुई वर काढायची, दोरा डाव्या हाताने ताणून सुईला दोन वेढे द्यायचे आणि सुई शेजारच्या धाग्यात खाली घालायची. त्याच भोकात घातली की गाठ गडप! सुई पूर्ण खाली जाईपर्यंत डाव्या हातातला दोरा सोडायचा नाही. सोडला की गाठीऐवजी वर फास उरतो.

एका फुलावरून दुसऱ्याकडे दोरा मागून ओढत नेऊ नये. पांढऱ्या कापडावर गडद दोरा पुढून सावलीसारखा दिसतो.

काम थांबवताना रिंग काढून ठेवावी, नाहीतर गोल वळ उमटतो. इस्त्री शेवटी, तीही जाड टॉवेलवर काम पालथं घालून. सरळ वरून फिरवली तर एवढ्या कष्टाने उभ्या राहिलेल्या गाठी चपट्या होतात.