बंद पीसीतला हिरवा ठिपका

पीसी शटडाउन केला, पंखे थांबले, तरी कॅबिनेटच्या जाळीतून मदरबोर्डवरचा, म्हणजे मुख्य सर्किटबोर्डवरचा, हिरवा ठिपका दिसत राहतो. घरी आलेले काका-मावशी तो पाहून हमखास सांगतात, ‘अरे, तुझा कॉम्प्युटर चालूच राहिलाय बघ.’ त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

इंटेलने १९९५ साली मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याच्या रचनेची एटीएक्स पद्धत आणली. तोवर पीसीचं बटण थेट वीजच तोडायचं. म्हणून तर विंडोज ९५ शटडाउन झाल्यावर ‘आता बंद करायला हरकत नाही’ असं पडद्यावर सांगून आपली वाट बघत बसे. एटीएक्समध्ये बटण नुसतं सांगकाम्या झालं. ते मदरबोर्डला इशारा देतं, मदरबोर्ड एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि मग १२, ५, ३.३ व्होल्ट असा सगळा लवाजमा उठतो. पण इशारा ऐकायला कोणीतरी जागं हवं ना! त्यासाठी जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट अखंड येत असतात. सगळं घर झोपलं तरी ओसरीवर खोकत जागे असणारे आजोबा, तशी ही जांभळी वायर.

हिरवा ठिपका त्या ५ व्होल्टांचा, आणि तेवढ्यांचाच. लोक मात्र त्याच्यावर नको तेवढा विश्वास टाकतात. बटण दाबलं, पीसी ढिम्म हलत नाही, तरी ‘लाइट लागलाय, म्हणजे एसएमपीएस ओके’ असा निकाल लागतो. एसएमपीएसमध्ये जांभळ्या वायरीचं सर्किटच वेगळं असतं. १२ व्होल्टांची बाजू मेली तरी ती जिवंत असू शकते. म्हणूनच जाणता दुरुस्तीवाला दिव्यावर विसंबत नाही. तो २४ पिनांचा कनेक्टर उपसतो, हिरवी आणि काळी (ग्राउंडची) वायर तारेच्या तुकड्याने जोडतो आणि पंखा फिरतो का बघतो. (फिरला तरी व्होल्टेज नीट आहे असं नाही, त्याला मल्टिमीटर लागतो. पण तेवढा धीर कोणाला?)

एका बाबतीत मात्र त्या ठिपक्याचं ऐकावंच: तो लागलेला असताना रॅम काढू-घालू नये. नुसतं शटडाउन पुरत नाही, प्लग काढावा लागतो. त्यानंतरही कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर तो मंद होत होत तग धरतो. अशा वेळी पॉवर बटण दाबावं. पंखा कधी कधी अर्धी गिरकी घेतो आणि ठिपका पटकन विझतो. हा प्रकार बघायला मला अजून मजा येते.

वीजबिलाचं म्हणाल, तर १ वॅट वर्षभर अखंड म्हणजे ८.७६ युनिट. युरोपीय संघाने २०१३ पासून बंद उपकरणांना अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधला) ‘ईआरपी’ हा पर्याय त्याच नियमांपायी आला. तो चालू केला की कीबोर्डवरून किंवा नेटवर्कवरून पीसी उठवणं सहसा बंद होतं. आपल्याकडे प्लगशेजारीच बटण असतं, ते बंद केलं की काम झालं.

फक्त मग घड्याळ चालवायचा भार सीआर२०३२ या चपट्या सेलवर पडतो. एरवी तो जांभळ्या वायरीच्या जिवावर आराम करत असतो. रोज राबवला की लवकर थकतो आणि एका सकाळी पीसीत भलतंच जुनं साल उगवतं. तारीख चुकलेली, म्हणून ब्राउझर बँकेची साइट उघडायला तयार होत नाही आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन करून भांडत बसतो. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. बसवताना प्लसची बाजू वर.