टोकनऐवजी नुसतं ‘टिंग’

नौपाड्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांसाठी टोकन पुकारणारा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला होता. काउंटरवरच्या ताईंनी बटण दाबलं की स्पीकरवर ‘टोकन क्रमांक’ आणि पाठोपाठ ‘सत्तावीस’ ऐकू यायला हवं. माझ्या लॅपटॉपवर येत होतं. दवाखान्याच्या पीसीवर मात्र फक्त विंडोजचं ‘टिंग’.

“अहो, स्पीकर तर चालू आहे की,” ताई म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं.

विनसाउंडला, म्हणजे पायथनच्या आवाज वाजवणाऱ्या मॉड्यूलला, फाइल सापडली नाही तर ते तसं सांगत नाही, विंडोजचा ठरलेला आवाज वाजवून मोकळं होतं. मला ही सोय अजिबात पटत नाही. काही बिघडलं तर प्रोग्रामने बोंब मारावी, टिंग कसलं करायचं? म्हणून आधी ठरलेला आवाज बंद करणारा ‘नोडिफॉल्ट’ फ्लॅग लावला आणि आवाज संपायची वाट न पाहता प्रोग्राम पुढे नेणारा ‘असिंक’ तात्पुरता काढला. लगेच रनटाइम एरर समोर आली.

मग चालू फोल्डर कोणता ते छापून पाहिलं, तर विंडोजचा स्वतःचा सिस्टम३२! प्रोग्राम टास्क शेड्युलरमधून, म्हणजे विंडोजच्या आपोआप कामं सुरू करणाऱ्या सोयीतून सुरू व्हायचा आणि तिथला ‘स्टार्ट इन’चा, म्हणजे कुठल्या फोल्डरमधून सुरू करायचं त्याचा, रकाना रिकामा. फाइलचा अर्धवट पाथ (पत्ता) भलतीकडेच शोधला जात होता. तो स्क्रिप्टच्या फोल्डरपासून धरायला लावला.

बहुतेक आकडे वाजले, काही अडून बसले. मराठीत वीस आणि सात जोडून सत्तावीस होत नाही, त्यामुळे शंभरपर्यंतच्या प्रत्येक आकड्याचं वेगळं रेकॉर्डिंग लागतं. त्यातली काही ताईंच्या भाच्याने फोनवर करून दिली होती आणि नावाचं शेपूट बदलून ‘वॅव’ केलं होतं. फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये ती उघडली. वॅव फाइल ‘आरआयएफएफ’ या चार अक्षरांनी सुरू होते. इथे पाचव्या बाइटपासून ‘एफटीवायपी’ होतं. म्हणजे आतून ‘एमफोरए’ या वेगळ्याच प्रकारच्या फाइली! एफएफएमपेग या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामने सगळ्या १६ बिट पीसीएम, म्हणजे साध्या न दाबलेल्या वॅव, करून घेतल्या.

असिंक परत लावलं तर ‘टोकन क्रमांक’ गायब, कारण दुसरा आवाज सुरू झाला की पहिला तिथेच तुटतो. असिंक नसेल तर आवाज संपेपर्यंत टीकिंटरची (पायथनच्या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या मॉड्यूलची) खिडकी गोठते, मग ताई तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात. शेवटी खिडकीपासून वेगळा चालणारा थ्रेड केला, त्याला फाइलींची रांग (क्यू) दिली; तो एक फाइल पूर्ण वाजवतो, मगच पुढची घेतो.

गोखले रोडवरचे हॉर्न आत येतात म्हणून डॉक्टरांना आता आवाज मोठा हवाय. त्याला स्पीकरच बदलावा लागेल.